कुत्र्याचें अंगण

शहरांतील सुशिक्षित कुटुंबांत कुत्रा येतो तो बहुधा मुलांच्या हट्टानें किंवा घराच्या राखणीसाठीं. आणि आल्यावर पंधरा दिवसांच्या आंतच त्याला ठेवावयाचें कोठें, हा प्रश्न उभा राहतो. मोकळा सोडला तर फाटक उघडें दिसतांच तो रस्त्यावर धांवतो. वाहनाखालीं तरी सांपडतो, नाहीं तर कोणाच्या पायाला दांत तरी लावतो. बांधून ठेवला तर चार हात साखळीच्या वर्तुळांत त्याचें सारें आयुष्य जातें. आणि ज्या राखणीसाठीं त्याला आणलें, त्या राखणीची जागा अखंड भुंकणें व चिडखोरपणा घेतात. या दोन टोंकांच्या मधला मार्ग म्हणजे बंगल्याच्या बाजूस कुत्र्यासाठीं जाळीचें एक निराळें अंगण बांधणें.

हा मार्ग केवळ दयेचा नाहीं, कायद्याचाही आहे. प्राण्यांना क्रूरतेनें वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा भारतांत १९६० सालीं झाला. त्याच्या ११ व्या कलमानें प्राण्याला अवास्तव आखूड अथवा जड साखळीनें अवास्तव काळ बांधून ठेवणें हा अपराध ठरविला आहे. हालचालीस पुरेशी लांबी, रुंदी व उंची नसलेल्या पिंजऱ्यांत कोंडणें हाही अपराधच. त्याच कलमांत आणखी एक गोष्ट आहे व तिच्याकडे फारसें कोणाचें लक्ष जात नाहीं : जो कुत्रा नेहमीं बांधलेला किंवा कोंडलेला असतो, त्याला वाजवी व्यायाम न देणें हाही धन्याचा दोष मानला आहे. म्हणजे अंगण कितीही मोठें बांधलें तरी सकाळसंध्याकाळचा फेरफटका सुटत नाहीं. अंगण ही साखळीची जागा घेतें. धन्याची जागा घेत नाहीं.

असें अंगण बांधावयाचें ठरलें म्हणजे बहुतेक गृहस्थ आधीं जाळीचा भाव विचारावयास जातात. कुत्रा पळून जाऊं नये, एवढीच चिंता त्यांच्या मनांत असते. ही चिंता खरी आहे. परंतु अशा अंगणांचा नाश जाळीपेक्षां जमिनीमुळेंच अधिक होतो. पहिला महिना सारें घर उत्साहानें झाडतें, धुतें. पुढें कोपऱ्यांत पाणी सांचूं लागतें, मूत्र मातींत मुरतें, माशा होतात, शेजारी नाक मुरडतात. आणि दोन पावसाळे उलटण्यापूर्वींच कुत्रा पुन्हां साखळीला व अंगण अडगळीला, अशी स्थिति होते. जी जागा धुण्यास कठीण, ती जागा धुतली जात नाहीं. मग घरांत माणसें कितीही टापटिपीचीं असोत. म्हणून या बांधकामाचा विचार मोरीपासून सुरू करून जाळीवर संपवावा. जाळीपासून सुरू करूं नये.

रोज धुणें कां आवश्यक आहे, हें कळण्यासाठीं रोगांची थोडी ओळख हवी. कुत्र्याच्या आंतड्यांतील गोल जंतांचीं अंडीं विष्ठेबरोबर बाहेर पडतात तीं लगेच बाधक नसतात. मातींत दोन-तीन आठवडे राहिल्यावर त्यांच्यांत बाधा करण्याचें सामर्थ्य येतें, आणि मग तें वर्षानुवर्षें टिकतें. हीं अंडीं मातीच्या हातांनीं मुलांच्या पोटांत जाऊं शकतात. अंकुशकृमींची गति याहून शीघ्र. दमट उबदार मातींत त्यांच्या अंड्यांतून अळ्या निघून सुमारें आठवड्याभरांत त्या कातडींतून आंत शिरण्याजोग्या होतात. अनवाणी खेळणाऱ्या मुलांच्या पायांवर वांकडीतिकडी, अत्यंत खाजणारी लाल रेघ उमटते ती अशाच अळ्यांची वाट असते. या दोन्ही रोगांचें रहस्य एकच : विष्ठेला जमिनीवर दिवस मिळतात, तेव्हांच ती घातक होते. जी सकाळीं पडली व त्याच दिवशीं उचलली, तिच्यांतील जंतांना आपला काळ पुरा करावयास सवडच मिळत नाहीं.

मूत्राची गोष्ट निराळी. लेप्टोस्पायरोसिस नांवाच्या तापाचे सूक्ष्म जंतु उंदीर, घुशी, गुरें व कुत्रीं यांच्या मूत्रांतून बाहेर पडतात आणि ओल्या जमिनींत, सांचलेल्या पाण्यांत आठवडेच्या आठवडे जगतात. २६ जुलै २००५ रोजीं मुंबईंत सांताक्रूझ येथें एका दिवसांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्या महापुरानंतर शहरांत या तापाची सांथ आली, हें अनेकांच्या स्मरणांत असेल. कुत्र्याला ही बाधा बहुधा उंदरांपासून होते, आणि बाधा झालेला कुत्रा ती पुढें घरांत पोंचवूं शकतो. परंतु या जंतूंना कोरडेपणा सोसत नाहीं. जी जमीन धुतल्यावर अर्ध्या तासांत वाळते, ती त्यांना मानवत नाहीं. म्हणून धुणें हें अर्धें काम. वाळणें हें उरलेलें अर्धें.

हें ध्यानांत घेतलें म्हणजे जागेची निवड सोपी होते. अंगण घराजवळ असावें; कुत्रा कळपाचा प्राणी आहे, त्याला माणसांची चाहूल हवी असते, आणि दूर कोपऱ्यांत टाकलेला कुत्रा भुंकून शेजाऱ्यांची झोंप घालवितो. पाण्याचा नळ रबरी नळीच्या टप्प्यांत असावा. रस्त्याला लागून अंगण करूं नये. येणारींजाणारीं मुलें जाळींतून काड्या खुपसतात आणि शांत कुत्राही त्यामुळें बिघडतो. विहीर किंवा पाण्याची टांकी जवळ नसावी. सकाळचें ऊन फरशीवर पडावें म्हणजे ती वाळते. दुपारनंतर मात्र पश्चिमेकडून झाडाची अगर भिंतीची सावली हवी.

आकार लांबट असावा. मध्यम बांध्याच्या कुत्र्यासाठीं १६ फूट लांब व ६ फूट रुंद जागा चांगली. मोठ्या जातीस याहून अधिक. तेवढेंच क्षेत्र चौकोनी केलें तर कुत्र्याला चार पावलांत वळावें लागतें. लांबट केलें तर धांव घेतां येते. शिवाय लांबट जागेचें पाणी एकाच दिशेनें वाहून नेतां येतें, आणि खराटा एका टोंकाकडून दुसऱ्या टोंकाकडे सरळ चालतो.

आतां जमीन. माती मऊ असते, कुत्र्याला आवडतेही. परंतु ती धुतां येत नाहीं, आणि उकरतां मात्र येते. वाळू-खडीची तीच गत. कोंकणांतला जांभा दगड सच्छिद्र असल्यामुळें मूत्र शोषून घेतो. उघडा जांभा या कामाचा नाहीं. शहाबादी फरशी खरखरीत असल्यामुळें पाय घसरत नाहीं, आणि ती स्वस्तही पडते. परंतु तिच्या सांध्यांत घाण बसते, म्हणून सांधे सिमेंटनें कांठोकांठ भरून घ्यावे लागतात. घोटीव गुळगुळीत फरशी दिसावयास सुंदर, पण ओली झाली कीं धांवता कुत्रा तिच्यावरून घसरून सांधे दुखावून घेतो. सर्व बाजूंनीं विचार करतां काँक्रीटची एकसंध लादी सरस ठरते.

लादी घालतांना पुणें, नगर, सोलापूर या बाजूंस काळ्या मातीचें भान ठेवावें. ही माती पावसांत फुगते व उन्हाळ्यांत भेगाळते. तिच्यावर थेट घातलेली लादी दोन वर्षांत तडकते. म्हणून काळी माती काढून त्या जागीं मुरूम भरून पाणी मारून ठोकावा, त्यावर दगडांचें सोलिंग करावें आणि त्यावर ४ इंच जाडीचें काँक्रीट ओतावें. सिमेंट, वाळू व खडी यांचें प्रमाण १ : २ : ४ धरलें तर १६ फूट बाय ६ फुटांच्या लादीस सिमेंटचीं सुमारें ६ पोतीं लागतात. काँक्रीट ओलें असतांनाच त्यावरून रुंदीच्या दिशेनें नव्हे, तर उताराच्या दिशेनें हलक्या हातानें खराटा फिरवावा. त्यानें पृष्ठभाग घसरण्याइतका गुळगुळीत राहत नाहीं आणि उठलेल्या बारीक रेघाच पाण्याला वाट दाखवितात. नंतर निदान आठवडाभर लादीवर पाणी मारीत राहणें हें गंवड्याला बजावून सांगावें.

उतार हा या साऱ्या कामाचा प्राण आहे. दर फुटास पाव इंच उतार ठेवावा. १६ फुटांत तो ४ इंच होतो. इतका उतार कुत्र्याला जाणवत नाहीं, पण पाण्याला जाणवतो. निजण्याची जागा उंच टोंकास व मोरी सखल टोंकास येईल अशी योजना करावी. सखल टोंकाची पन्हळ जाळीच्या बाहेर काढावी, म्हणजे कुत्रा तिच्यांत लोळत नाहीं आणि तिचें पाणीही पीत नाहीं. पन्हळीचा तळ गोल असावा. चौकोनी पन्हळीच्या कोपऱ्यांत केंस व शेवाळ अडकून राहतें. तोंडाशीं उचलून साफ करतां येईल अशी एक जाळी ठेवावी. हें पाणी मैलापाण्याच्या नळांत सोडावें. तशी सोय नसल्यास विहिरीपासून पुष्कळ दूर शोषखड्डा करावा. पावसाच्या पाण्याच्या उघड्या गटारांत तें सोडणें म्हणजे आपली घाण दुसऱ्याच्या दारांत नेऊन टाकणें होय. विष्ठा तर पन्हळींत कधींच लोटूं नये. ती फावड्यानें उचलून शौचकूपांत टाकावी. भाजीच्या खताच्या खड्ड्यांतही तिला जागा नाहीं.

लादीच्या कडेनें तिन्ही बाजूंस पाऊण फूट उंचीचा पक्का कठडा उभारावा. त्यामुळें धुतांना पाणी बागेंत उडत नाहीं, बाहेरचा चिखल आंत येत नाहीं, आणि जाळीचा खालचा कांठ उंच राहिल्यानें गंजत नाहीं. कठडा व लादी जेथें मिळतात तो कोपरा काटकोनी न ठेवतां सिमेंटनें गोल करून घ्यावा. सखल बाजूस पाणी जाण्यासाठीं फट ठेवावी ती दीड इंचाहून उंच नसावी, नाहीं तर पिल्लें तिच्यांत डोकें घालतात. आणि तिच्यावर गज बसवावे, म्हणजे घुशी आंत येत नाहींत.

कठड्याला व निवाऱ्याच्या भिंतीला गुळगुळीत गिलावा करण्याचें आणखी एक कारण आहे. कुत्र्याच्या अंगावरील तपकिरी गोचीड रक्त पिऊन फुगल्यावर खालीं पडते, भिंतीवर चढते आणि एखाद्या भेगेंत हजारों अंडीं घालते. कुत्र्याला कितीही औषध लावलें तरी भिंतींतील भेगा जोंवर उघड्या आहेत तोंवर गोचिडींचें घर मोडत नाहीं. आणि त्यांच्याबरोबर येणारा गोचीड-ताप कुत्र्याच्या जिवावर बेततो. म्हणून भेगा बुजवाव्या, लांकडी फळ्यांचे थर ठेवूं नयेत आणि गोणपाटाचें अंथरूण वर्ज्य करावें. निजण्यासाठीं लोखंडी नळ्यांचें, प्लॅस्टिकच्या पट्ट्यांनीं विणलेलें लहान बाजलें उत्तम. तें जमिनीपासून सहा-आठ इंच उंच असावें, म्हणजे खालून वारा खेळतो, थंडीच्या दिवसांत ओल लागत नाहीं, आणि उचलून बाहेर उन्हांत ठेवतां येतें. केवळ कठीण लादीवर निजणाऱ्या वजनदार कुत्र्याच्या कोंपरांना घट्टे पडतात. तेंही यानें टळतें.

एवढें झाल्यावर जाळीकडे वळावें. लादी पक्की असल्यामुळें खालून उकरून निसटण्याचा प्रश्न उरत नाहीं. राहतात ते चढणें, उडी मारणें व कुरतडणें. कोंबड्यांच्या खुराड्याची षट्कोनी जाळी कुत्र्यासमोर टिकत नाहीं. दांतांनीं व पंजांनीं तो ती फाडतो, आणि तुटलेल्या तारा त्यालाच लागतात. जस्त चढविलेली जाड तारेची चेनलिंक किंवा वेल्ड केलेली जाळी घ्यावी; तिचे घर दोन इंचांहून मोठें नसावें. जाळी खांबांच्या आंतल्या बाजूनें बांधावी. म्हणजे कुत्र्यानें रेटा दिला तरी ती खांबांवर दाबली जाते, तारांच्या बांधांवर ताण येत नाहीं. तारांचीं टोंकें मात्र बाहेरच्या बाजूस वळवावीं. उंची ६ फूट सामान्यतः पुरते. परंतु मुधोळ जातीच्या उंच, चपळ शिकारी कुत्र्यास किंवा चढण्याची खोड लागलेल्या कुत्र्यास ती अपुरी पडते. तेथें जाळीचा वरचा दीड फूट आंत झुकवावा, किंवा वरूनही जाळीचें छत घालावें.

जेथें बिबट्याचा वावर आहे तेथें छताची जाळी ही चैन नसून गरज आहे. जुन्नर, अकोले, नाशिक हा प्रदेश किंवा मुंबईंत बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाच्या कडेची वस्ती, येथें बिबट्या रात्रीं घरांजवळून फिरतो. अकोले तालुक्यांत बिबट्याच्या विष्ठेची तपासणी करून २०१४ सालीं प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत असें आढळलें कीं, त्याच्या आहारांत वजनानें ८७ टक्के वाटा पाळीव प्राण्यांचा होता, आणि त्यांतही सर्वांत मोठा, ३९ टक्के, कुत्र्यांचा. साखळीला बांधलेला कुत्रा अशा ठिकाणीं राखणदार नसतो. आयतें भक्ष्य असतो. वर छत, भक्कम खांब व रात्रीं कुलूप, एवढी तरतूद तेथें केलीच पाहिजे.

दार हा जाळीचा दुबळा भाग. तें माणसानें ताठ उभें राहून आंत जावें इतकें उंच व बादली-खराटा घेऊन जातां यावें इतकें, म्हणजे निदान अडीच फूट, रुंद असावें. वांकून, गुडघ्यांवर रांगत शिरावें लागतें तें अंगण कोणी रोज धूत नाहीं. दार आंतल्या बाजूस उघडावें. बाहेर उघडणारें दार कुत्रा नुसत्या धडकेनें ढकलतो आणि माणसाला पाडून निघून जातो. साधी खिटी तो नाकानें उचलावयास शिकतो. म्हणून वर सरकखिट्टी व तिला आंकडा लावावा. घरांत लहान मुलें असतील तर दारापुढें चार फुटांची एक जाळीची ओसरी करून तिला दुसरें दार बसवावें. एक दार लागल्याशिवाय दुसरें उघडावयाचें नाहीं, एवढा नियम मुलांना शिकविला कीं कुत्रा निसटण्याचा प्रसंगच येत नाहीं.

उन्हाचा विचार राहिला. कुत्र्याला माणसासारखा सर्वांगाला घाम येत नाहीं. जीभ बाहेर काढून धापा टाकणें हाच त्याचा मुख्य उपाय. त्याच्या शरीराचें स्वाभाविक उष्णमान ३८ ते ३९ अंश सेल्सियस असतें; तें ४१ अंशांच्या वर गेलें कीं उष्माघातानें प्राण जाऊं शकतो. वैशाखांत तापलेली लादी व वर उघडा पत्रा या दोहोंमध्यें सांपडलेल्या कुत्र्याला पळावयास जागा नसते. म्हणून निदान एकतृतीयांश भागावर तरी दिवसभर सावली असावी. मंगलोरी कौलें पत्र्यापेक्षां थंड. पत्राच घालणें भाग असेल तर तो उंच बसवून वरून चुन्यानें पांढरा करावा. पाण्याचें भांडें जड, पालथें न होणारें असावें आणि तें सावलींत ठेवावें. पावसाळ्यासाठीं नैऋत्येकडून येणारी झोड अडेल अशी भिंत निवाऱ्यास असावी.

आतां नित्याचा क्रम. सकाळीं कुत्र्याला फिरावयास नेण्याच्या वेळींच दुसऱ्यानें अंगण धुवावें. म्हणजे तो परत येईपर्यंत लादी वाळते. प्रथम विष्ठा उचलावी, मग उंच टोंकाकडून पाणी मारून खराट्यानें घांसावें, आणि शेवटीं रबरी वायपरनें पाणी पन्हळीकडे ओढून काढावें. वर सांगितल्याप्रमाणें बांधलेल्या अंगणास यासाठीं पंधरा मिनिटें पुरतात. आठवड्यांतून एकदां साबणाचें पाणी वापरावें.

जंतुनाशकाविषयीं मात्र सावधगिरी हवी. घाणीवर ओतलेलें औषध वायां जातें. आधीं धुणें, मग औषध, हा क्रम. पिल्लांचा काळ ठरलेला पार्व्हो हा विषाणु १९७८ च्या सुमारास प्रथम ओळखला गेला. तो जमिनीवर महिनेच्या महिने टिकतो आणि वाळल्यानेंही सहजीं मरत नाहीं. त्याच्यावर घरगुती ब्लीच चालतें : एक भाग ब्लीच, तीस भाग पाणी, स्वच्छ धुतलेल्या लादीवर दहा मिनिटें, आणि मग पुन्हां भरपूर पाणी. मूत्र सांचलेल्या जागेवर ब्लीच कधींही टाकूं नये. मूत्रांतील अमोनियाशीं मिळून त्याचा विषारी वायु होतो. आम्लाबरोबर तर तें मुळींच मिसळूं नये. काळ्या फिनाईलचा वास स्वच्छतेचा वाटतो. परंतु त्यांतील द्रव्यें कुत्र्याच्या पायांना लागून चाटण्यावाटे पोटांत जातात व अपाय करतात. जंतांच्या अंड्यांवर तर ब्लीचचीही मात्रा चालत नाहीं. तेथें रोजचें फावडें हेंच औषध. रेबीजची, पार्व्होची व लेप्टोस्पायरोसिसची लस वेळेवर टोंचून घेणें हें याच्या जोडीला आहेच. उत्तम फरशी लसीची उणीव भरून काढीत नाहीं.

खर्चाचा हात आखडता असेल तर काटकसर कोठें करावी, हेंही ठरवून ठेवावें. लांबी दोन-चार फूट कमी केली तरी चालेल, रंग नंतर देतां येईल, ओसरीचें दुसरें दार पुढच्या वर्षीं बसवितां येईल. जाळी जुनी झाली तर बदलतां येते. पण एकदां बसलेला उतार पुन्हां बदलतां येत नाहीं. सारी लादी फोडावी लागते. यासाठीं खांब उभे करण्यापूर्वींच एक परीक्षा घ्यावी. लादी पक्की झाल्यावर उंच टोंकास दोन बादल्या पाणी ओतावें आणि दहा मिनिटांनीं पाहावें. कोठें डबकें राहिलें असेल तर तें खडूनें आंखून त्याच दिवशीं दुरुस्त करून घ्यावें. पाणी आपलें आपण पन्हळीला लागलें असेल तर गंवड्याचा हिशेब चुकता करून जाळीवाल्यास बोलवावें.